सात वर्षं समुद्रापार: ब्रिटननं आपलेच कैदी ऑस्ट्रेलियात का पाठवले?

डिसेंबर १७८३ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात नऊ वर्षांचा एक पोरगा आरोपी म्हणून उभा राहिला. नाव जॉन हडसन. आईबाप नाहीत, पोटासाठी धुराडी साफ करण्याचं काम. त्या काळी अंगानं बारीक असलेली पोरं धुराड्यात चढवून काजळी खरवडून घेत. एका घरातून कपडे आणि एक पिस्तूल चोरल्याचा त्याच्यावर आरोप होता. रात्री घर फोडल्याचं सिद्ध झालं असतं, तर कायद्यानं फाशी होती. ज्युरीनं तेवढा भाग बाजूला सारला आणि नुसत्या चोरीबद्दल त्याला दोषी धरलं. शिक्षा झाली सात वर्षं समुद्रापार पाठवण्याची. हा मुलगा ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागला तेव्हा तेरा वर्षांचा होता.

ही शिक्षा मराठी माणसाला अनोळखी नाही. आपण तिला काळं पाणी म्हणतो. म्हटल्याबरोबर अंदमान, सेल्युलर जेल आणि १९११ साली पन्नास वर्षांची शिक्षा घेऊन तिथं उतरलेले सावरकर डोळ्यांपुढे येतात. त्यामुळे ही शिक्षा इंग्रजांनी खास आपल्यासाठी शोधून काढली, असा आपला समज असतो. अंदमानात कैद्यांची तुकडी उतरवून वसाहत उभी राहिली ती १८५८ साली. त्याच्या १४० वर्षं आधीपासून ब्रिटिश सरकार आपल्याच देशातल्या गोरगरिबांना जहाजात भरून परमुलखात धाडत होतं. अंदमानात जे नियम आणि जे शब्द चालले, त्यांतले कितीतरी आधी तिकडे वापरून पाहिलेले होते.

हा सगळा कारभार समजून घेताना मला एकच आकडा सतत टोचत राहतो, तो म्हणजे सात. कायद्यात लिहिलेली शिक्षा बहुतेकांसाठी सात वर्षांची होती. पण सरकार फक्त न्यायची सोय करत असे. सात वर्षं संपल्यावर घरी आणून सोडणं हे कुणाचंच काम नव्हतं. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की बाकीचं गणित आपोआप उलगडत जातं.

फाशी आणि माफी यांच्या मधली जागा

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये आजच्यासारखे पोलीस नव्हते. लंडनला पगारी पोलीस दल मिळालं ते १८२९ साली. लांब मुदतीची शिक्षा भोगायला मोठे तुरुंगही नव्हते. जे होते त्यांत खटल्याची वाट पाहणारे आणि कर्ज थकलेले लोक कोंबलेले असत. चोर पकडण्याची व्यवस्था नसली की सरकार धाक वाढवून काम भागवायला बघतं. इंग्लंडच्या संसदेनं तेच केलं. एकामागून एक कायदे होत गेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फाशी होऊ शकेल अशा गुन्ह्यांची संख्या २०० च्या वर पोचली. दुकानातून गुपचूप पाच शिलिंगांचा माल उचलला तर फाशी, राहत्या घरातून चाळीस शिलिंगांचा ऐवज नेला तर फाशी. वीस शिलिंगांचा एक पाउंड होतो, म्हणजे दोन पाउंडांच्या मालावर माणसाचा जीव टांगलेला.

पण ज्युरीत बसणारी माणसं त्याच गावातली, त्याच बाजारातली असत. एका चोरीपायी माणूस लटकवायला त्यांचं मन धजत नसे. मग ती मालाची किंमतच कमी लावत. ओल्ड बेलीच्या जुन्या नोंदी आता कुणालाही वाचायला खुल्या आहेत, आणि त्यांत ३९ शिलिंग हा आकडा फिरून फिरून भेटतो. चाळीसला फाशी, म्हणून एकोणचाळीस! ज्यांना फाशी सुनावली जाई, त्यांतल्याही पुष्कळांसाठी न्यायाधीश राजाकडे दयेची शिफारस करत.

मग अशा माणसाचं करायचं काय? फाशी द्यायची नाही, मोकळं सोडायचं नाही, ठेवायला तुरुंग नाही. समुद्रापार पाठवणं हे या अडचणीवरचं उत्तर होतं. १७१८ पासून लागू झालेल्या कायद्यानं त्याला पक्कं रूप दिलं. लहान गुन्ह्याला सात वर्षं, फाशी माफ झालेल्याला चौदा. पुढे जन्मभराचीही शिक्षा रूढ झाली. मुदतीआधी परत आलेला सापडला तर मात्र थेट फाशी.

सुरुवातीला हे कैदी अमेरिकेत जात. १७१८ ते १७७५ या काळात सुमारे ५०,००० माणसं गेली, बहुतेक मेरीलँड आणि व्हर्जिनिया या वसाहतींत. त्यांना नेण्याचं काम व्यापाऱ्यांकडे होतं. बंदरावर पोचल्यावर व्यापारी कैद्याची उरलेल्या वर्षांची मजुरी मळेवाल्यांना विकत आणि तंबाखूच्या शेतात त्याची मुदत सुरू होई. सरकारच्या दृष्टीनं हे स्वस्तात सुटत होतं.

१७७५ साली अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्ध पेटलं आणि ते दार बंद झालं. न्यायालयं शिक्षा सुनावतच राहिली, कैदी जाणार कुठे? १७७६ साली सरकारनं तात्पुरता म्हणून एक उपाय काढला. डोलकाठ्या आणि शिडं उतरवलेली निकामी जहाजं थेम्स नदीत वुलिचजवळ नांगरून ठेवली आणि कैदी त्यांत भरले. दिवसा नदीतला गाळ उपसायचा, रात्री तळघरात बेड्या घालून निजायचं. टायफसच्या तापानं त्या जहाजांत थैमान घातलं. पहिल्या दोनेक वर्षांत तिथं आलेल्यांपैकी साधारण चारांतला एक जण मेला. तात्पुरता म्हणून केलेला हा उपाय १८५७ पर्यंत चालू राहिला.

बॉटनी बेचा निर्णय

जागेचा शोध बरीच वर्षं चालला. पश्चिम आफ्रिकेचा विचार झाला, पण तिथल्या हवेत माणसं जगणार नाहीत म्हणून तो मागे पडला. आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्याची पाहणी करायला जहाज गेलं आणि नापीक जमीन पाहून परतलं. १७७९ सालीच जोसेफ बँक्स या वनस्पतिशास्त्रज्ञानं संसदीय समितीपुढे ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बॉटनी बे या खाडीचं नाव घेतलं होतं. कॅप्टन कुकबरोबर १७७० साली तो तिथं गेला होता, मुक्काम जेमतेम आठवड्याभराचा. तेवढ्या ओळखीवर १७८६ साली गृहमंत्री लॉर्ड सिडनी यांनी निर्णय घेतला. पूर्ण वस्तीचा ताफा पाठवायचा, आणि आधी कुणी जाऊन खातरजमाही करायची नाही.

यामागे फक्त भरलेले तुरुंग होते, की पॅसिफिकमध्ये नौदलाला ठाणं हवं होतं, नॉरफोक बेटावरची उंच पाइनची झाडं आणि फ्लॅक्स या वनस्पतीचा धागा डोलकाठ्यांना-शिडांना हवा होता, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. मला तुरुंगांचं पारडं जड वाटतं. पण एका दगडात दुसरा पक्षीही पडत असेल, तर लंडनमधले मंत्री तो सोडणारे नव्हते हेही खरं.

१३ मे १७८७ रोजी पोर्ट्समथहून अकरा जहाजं निघाली. कॅप्टन आर्थर फिलिप प्रमुख. सुमारे ७५० कैदी, त्यांत १९० च्या आसपास बायका. बारा पौंड चीज चोरल्याबद्दल सात वर्षं मिळालेली एलिझाबेथ बेकफर्ड नावाची म्हातारी त्यांत होती आणि धुराडी साफ करणारा जॉन हडसनही.

या ताफ्यातली एक गोष्ट मात्र सविस्तरच सांगायला हवी. नॉरिचच्या तुरुंगात हेन्री केबल आणि सुझाना होम्स ही दोघं भेटली. दोघांनाही चोरीबद्दल आधी फाशी, मग ती कमी होऊन समुद्रापारची शिक्षा. तुरुंगातच त्यांचं जमलं आणि १७८६ साली त्यांना मुलगा झाला. लग्नाची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. त्याच वर्षी सुझानाला ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या बायकांत घातलं, हेन्रीला नाही. जॉन सिम्प्सन नावाचा तुरुंगाचा कर्मचारी तिला आणि तान्ह्या बाळाला घेऊन प्लिमथच्या जहाजापाशी आला. जहाजाच्या कप्तानानं सुझानाला घेतलं, पण बाळाचा हुकूम कागदावर नाही म्हणून बाळ घ्यायला साफ नकार दिला. आईच्या हातून लेकरू काढून घेतलं गेलं.

सिम्प्सन ते बाळ मांडीवर घेऊन घोडागाडीनं लंडनला गेला. वाटेत जमेल तसं त्याला भरवत होता. थेट लॉर्ड सिडनींच्या दारात उभा राहिला आणि त्यांना गाठून सगळी हकीकत सांगितली. मंत्र्यांनी बाळ आईला परत द्यायचा हुकूम दिला, आणि बापालाही त्याच ताफ्यात पाठवायला सांगितलं. सिम्प्सन उलट पावली नॉरिचला गेला, हेन्रीला घेतलं आणि तिघांची भेट घडवली. बातमी वर्तमानपत्रांत आली, लोकांनी वर्गणी काढून सुमारे वीस पाउंड जमवले आणि या कुटुंबासाठी कपड्यांचं आणि किडुकमिडुक सामानाचं एक गाठोडं जहाजावर चढवलं.

सिडनीला पोचल्यावर दोघांनी लग्न केलं. गाठोडं मात्र मिळालं नाही, वाटेतच कुणीतरी लांबवलं होतं. मग या दोघा कैद्यांनी गाठोडं ज्या जहाजावर चढवलं होतं त्याच्या कप्तानावर दावा लावला. इंग्लंडमध्ये हे शक्यच नव्हतं, कारण फाशीची शिक्षा झालेल्या माणसाला कायद्याच्या लेखी दावा लावण्याचा हक्क उरत नसे. पण इथं न्यायालय नवं, माणसं मोजकी. जुलै १७८८ मध्ये त्या वसाहतीतल्या पहिल्याच दिवाणी खटल्याचा निकाल कैद्यांच्या बाजूनं लागला. कप्तानानं पंधरा पाउंड भरून द्यावेत! हेन्री पुढे तिथला मुख्य शिपाई झाला, मग व्यापारी. नॉरिचमध्ये दोघांना माणूस म्हणून जे मिळालं नसतं ते त्यांना जगाच्या दुसऱ्या टोकाला मिळालं. पण हे सगळं उभं राहिलं एका कर्मचाऱ्याच्या काळजावर. सिम्प्सनच्या जागी दुसरा कुणी असता, तर ते पोर प्लिमथच्या धक्क्यावरच राहिलं असतं.

बॉटनी बे उथळ निघाली, गोडं पाणीही पुरेसं नव्हतं. फिलिपनं थोडं उत्तरेला पोर्ट जॅक्सनचं, म्हणजे आजच्या सिडनीचं बंदर निवडलं आणि २६ जानेवारी १७८८ रोजी तिथं झेंडा रोवला. आज हा ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय दिवस आहे. तिथले आदिवासी तो आक्रमणाचा दिवस म्हणून पाळतात.

माणशी भाडं

पहिला ताफा आठ महिन्यांनी पोचला आणि मानानं कमी माणसं दगावली. फिलिपनं निघण्यापूर्वी ताजं मांस, भाजी, कपडे यांसाठी सरकारशी भांडून घेतलं होतं. दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या ताफ्यात काय घडलं, ते वाचताना पोटात कालवतं.

कैदी वाहून न्यायचा ठेका लंडनच्या एका कंपनीला दिला होता. या कंपनीचा आधीचा अनुभव होता आफ्रिकन गुलाम वाहण्याचा. दर ठरला माणशी १७ पाउंड ७ शिलिंग ६ पेन्स, आणि तो चढवलेल्या माणसामागे. माणूस जिवंत उतरतो की मरतो याचा बिलाशी काही संबंध नव्हता. उलट वाटेत मेला, तर त्याचं उरलेलं अन्न वाचत होतं.

नेपच्यून, सरप्राइझ आणि स्कारबरो ही तीन जहाजं जानेवारी १७९० मध्ये निघाली आणि जूनमध्ये सिडनीत पोचली. चढवले होते सुमारे १,००० कैदी, त्यांतले २५० हून जास्त वाटेत मेले. गुलामांच्या जहाजांवरच्या आखूड दांड्याच्या बेड्या पायांत होत्या, त्या घालून पाय हलवणंसुद्धा जड जाई. शेजारी बेडीत अडकलेला माणूस मेला तरी बाकीचे गप्प राहत, कारण तो मेल्याचं कळलं की त्याचा शिधा बंद होई. वसाहतीचे धर्मोपदेशक रिचर्ड जॉन्सन सरप्राइझच्या तळात उतरले. अर्धी उघडी, स्वतःच्या घाणीत लोळणारी, उठता-बसता न येणारी माणसं त्यांनी पाहिली. कित्येक जण डेकवर मोकळ्या हवेत आणल्याबरोबर मेले. दुसरीकडे जहाजवाल्यांनी किनाऱ्यावर दुकान मांडून माल चढ्या भावानं विकला. नेपच्यूनचा कप्तान आणि त्याचा एक अधिकारी यांच्यावर पुढे लंडनमध्ये खुनाचा खटला चालला. दोघंही निर्दोष सुटले.

सुधारणा झाली ती हिशेबाच्या वाटेनं. पुढच्या ठेक्यांत पैशाचा काही भाग कैदी धडधाकट उतरल्यावर मिळेल असं ठरू लागलं. १८१४ मध्ये तीन जहाजांवर पुन्हा तापानं माणसं मेली, तेव्हा चौकशीचा अहवाल लिहिला विल्यम रेडफर्न या डॉक्टरनं. हा रेडफर्न स्वतः नौदलातल्या १७९७ च्या बंडात शिक्षा होऊन आलेला कैदी! त्यानं सांगितलं की डेक कोरडे ठेवा, हवा खेळू द्या, कैद्यांना रोज वर आणा, आणि ज्याला कप्तान दटावू शकणार नाही असा डॉक्टर प्रत्येक जहाजावर नेमा. १८१५ पासून नौदलाचे डॉक्टर देखरेखीला जाऊ लागले आणि मृत्यूचं प्रमाण शेकड्याला एकाच्या आसपास आलं. एका कैद्यानं लिहिलेल्या अहवालानं किती जीव वाचवले, याची मोजदाद कुणी केलेली नाही.

पोचल्यावर काय?

साखळदंड घालून दगड फोडणारे कैदी हे चित्र सगळ्यांच्या डोक्यात असतं. तसे तळ होते. नॉरफोक बेट, टास्मानियातलं पोर्ट आर्थर ही त्यांतली सर्वांत क्रूर ठिकाणं, आणि तिथं बहुधा वसाहतीत येऊन पुन्हा गुन्हा केलेल्यांना धाडत. पण बहुतेक कैद्यांनी ती जागा कधीच पाहिली नाही. त्यांना खासगी मालकांच्या हवाली केलं जाई. जमीनदार अर्ज करायचा, सरकार त्याला मेंढपाळ, सुतार, मोलकरीण म्हणून कैदी द्यायचं. मालकानं अन्न, कपडा आणि निवारा द्यायचा. स्वतः चाबूक उगारायची त्याला मुभा नव्हती, त्यासाठी दंडाधिकाऱ्याकडे न्यावं लागे. पण दंडाधिकारी पुष्कळदा शेजारचाच जमीनदार असे, म्हणजे संध्याकाळी ज्याच्याबरोबर जेवायचं त्याच्याकडेच सकाळी तक्रार न्यायची. चांगला मालक मिळाला तर कैद्याचे दिवस इंग्लंडमधल्या शेतमजुरापेक्षा बरे जात, वाईट मिळाला तर पाठीची सालटं निघत. सगळा नशिबाचा खेळ होता, आणि माझ्या मते हाच या पद्धतीतला सर्वांत मोठा अन्याय. न्यायालयानं दोघांना सारखी शिक्षा दिली, तरी भोगताना त्या दोन वेगळ्या शिक्षा होत.

बायकांची संख्या एकूणात साधारण २५,००० होती. घरकामाला नेलं नाही तर त्यांना पॅरामाटा, होबार्ट इथल्या कारखानावजा तुरुंगांत कपडे धुण्या-विणण्याच्या कामाला लावत. मालकाच्या घरात दिवस गेलेल्या बाईलाही तिथंच परत पाठवत, आणि शिक्षा तिलाच होई.

नीट वागणाऱ्याला मुदतीआधी ‘तिकीट ऑफ लीव्ह’ मिळे. सात वर्षांवाल्याला साधारण चार वर्षांनी, चौदावाल्याला सहा, जन्मभराच्या कैद्याला आठ. हे तिकीट खिशात असलं की नेमून दिलेल्या जिल्ह्यात स्वतःच्या मजुरीवर जगता येई. वर्तणूक बिघडली की तिकीट जप्त. त्याच्या पुढची पायरी सशर्त माफी. वसाहतीत मोकळं फिरा, पण ब्रिटनमध्ये पाऊल टाकायचं नाही. संपूर्ण माफी मिळालेला किंवा मुदत पुरी केलेला कैदी कायद्यानं घरी जाऊ शकत होता.

कायद्यानं. इथं तो सातचा आकडा परत येतो. पहिला ताफा निघाला तेव्हा कैद्यांच्या शिक्षेच्या तारखांचे कागदच इंग्लंडमध्ये राहिले. १७८९ साली कैदी फिलिपकडे येऊन सांगू लागले की आमची मुदत भरली. फिलिपकडे तपासायला काहीच नव्हतं. शब्दावर सोडता येत नाही म्हणून त्यानं त्यांना कामावर तसंच ठेवलं. जॉन कलिहॉर्न नावाच्या कैद्यानं म्हटलं, की मी आता स्वतःचं काम करू शकतो असं उपराज्यपालांनीच मला सांगितलंय. ते नाकबूल झाले, आणि बदनामी केली म्हणून कलिहॉर्नला ६०० फटके आणि सहा महिने बेड्या अशी शिक्षा झाली.

कागद असले तरी जहाजाचं भाडं कुठून आणायचं? तरणाबांड पुरुष एखाद्या जहाजावर खलाशी म्हणून काम करत जाऊ शकत होता. बाईला ती वाट नव्हती, लेकुरवाळीला तर नाहीच. कॉर्नवॉलचा मच्छीमार विल्यम ब्रायंट याची सात वर्षं मार्च १७९१ मध्ये भरत होती. त्याच महिन्याच्या अखेरीस तो, बायको मेरी, दोन लहान मुलं आणि आणखी सात कैदी सरकारी होडी घेऊन रात्री निसटले. उघड्या होडीतून ६९ दिवस किनाऱ्या-किनाऱ्यानं जात हजारो मैलांवरच्या तिमोरच्या कुपांग बंदराला पोचले. तिथं पकडले गेले. पुढच्या प्रवासात विल्यम आणि दोन्ही मुलं गेली. कुटुंबातली मेरी तेवढी बेड्यांत लंडनला आली. जेम्स बॉझवेल या वकील-लेखकानं तिच्यासाठी धडपड केली आणि १७९३ साली तिला माफी मिळाली. समुद्रापार पाठवलेली बाई माघारी आली ती अशी, तिघांना गमावून.

जे राहिले त्यांतल्या काहींनी नाव कमावलं. खोट्या कागदपत्रासाठी आलेला फ्रान्सिस ग्रीनवे सिडनीतल्या सुंदर इमारतींचा वास्तुविशारद झाला आणि पुढे ऑस्ट्रेलियाच्या दहा डॉलरच्या नोटेवर झळकला. घोडा चोरल्याबद्दल पोरवयात आलेली मेरी रीबी मोठी व्यापारी झाली, ती आजच्या वीस डॉलरच्या नोटेवर आहे. या गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या सांगून अख्खी व्यवस्थाच जणू गरिबांच्या भल्याची होती असं सुचवणं मला पटत नाही.

ती जमीन रिकामी नव्हती

ज्या खाडीकाठी फिलिप उतरला तिथं गडिगल लोक पिढ्यान् पिढ्या राहत होते. १७८९ साली देवीची साथ आली आणि सिडनीच्या आसपासचे आदिवासी फार मोठ्या संख्येनं मेले. पुढे मेंढ्यांचे कळप जसजसे आत सरकत गेले, तसतशी जमीन बळकावली गेली, आणि या सरहद्दीवर पुढे असायचे ते कैदी मेंढपाळ. त्यांना तिथं स्वतःच्या मर्जीनं कुणी पाठवलेलं नव्हतं. पण बंदूक त्यांच्या हातात होती.

१० जून १८३८ रोजी मायल क्रीक इथं किमान २८ विरायराय आदिवासींची हत्या झाली, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. मारणारे अकरा जण शिक्षा झालेले किंवा शिक्षा भोगून सुटलेले कैदी होते. त्यांना घेऊन गेला होता एका जमीनदार घरातला स्वतंत्र माणूस. सात जणांना फाशी झाली, आणि तो स्वतंत्र माणूस कधीच सापडला नाही. आरोपींविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहिला जॉर्ज अँडरसन. तोही कैदी, त्याच ठिकाणी झोपडी सांभाळायला नेमलेला. एकाच आवारातले कैदी, कुणी खून केला, कुणी खरं सांगितलं.

थांबलं कसं

१८३७-३८ मध्ये विल्यम मोल्सवर्थ यांच्या संसदीय समितीनं खासगी मालकांच्या हवाली कैदी देणं हे गुलामीच्याच जातीचं आहे असा निष्कर्ष काढला. गुलामगिरी ब्रिटिश साम्राज्यात नुकतीच रद्द झाली होती, त्यामुळे हा शब्द झोंबला. तिकडे वसाहतीत स्वखुशीनं आलेल्या मजुरांना फुकट कामगारांशी स्पर्धा नको होती. १८४० मध्ये न्यू साउथ वेल्सला, म्हणजे सिडनीच्या वसाहतीला, कैदी पाठवणं थांबलं. १८५१ मध्ये तिथं सोनं सापडलं. मग तर ज्या मुलखात जायला लोक पदरचे पैसे मोजतायत, तिथं चोरांना सरकारी खर्चानं नेण्यात धाक कसला राहणार? १८५३ मध्ये व्हॅन डायमेन्स लँडही बंद झालं. नावाशी चिकटलेला डाग पुसावा म्हणून १८५६ मध्ये त्याचं टास्मानिया झालं. फक्त पश्चिम ऑस्ट्रेलियानं मजुरांच्या टंचाईपायी आपणहून कैदी मागून घेतले. ह्यूगोमाँट हे शेवटचं जहाज जानेवारी १८६८ मध्ये फ्रीमँटलला लागलं. १७८८ पासून तोवर सुमारे १,६२,००० माणसं ऑस्ट्रेलियात उतरवली गेली होती.

हिंदुस्थानातल्या कैद्यांची वाट वेगळी होती. कंपनी सरकार त्यांना बेंकुलेन, पेनांग, मॉरिशस, सिंगापूरला पाठवत असे. सिंगापूरचं सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल हिंदी कैद्यांच्या हातांनी उभं राहिलं. मग १८५७ च्या उठावानंतर अंदमान. ‘तिकीट ऑफ लीव्ह’ तिथंही होतं. आपल्या दंडसंहितेत जन्मभर समुद्रापार पाठवण्याच्या शिक्षेचे शब्द स्वातंत्र्यानंतरही राहिले. १९५५ च्या दुरुस्तीनं त्यांच्या जागी जन्मभराचा कारावास आला.

निघण्यापूर्वी तुरुंगात बसून कैदी एक काम करत. तांब्याचं पेनीचं नाणं घ्यायचं, त्यावरचा राजाचा मुखवटा घासून गुळगुळीत करायचा आणि त्यावर टोच्यानं नाव, तारीख, कधी एखादं फूल, कधी हातापायांत साखळ्या घातलेला माणूस कोरायचा. हे नाणं आईला, बायकोला, बहिणीला देऊन जायचं. हे पाहशील तेव्हा माझी आठवण ठेव, मी सुटून येईपर्यंत, अशा अर्थाच्या ओळी त्यांवर परत परत दिसतात. कॅनबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात अशी ३०० हून जास्त नाणी आहेत. ती ज्यांच्यासाठी कोरली ती माणसं ब्रिटनमध्येच राहिली, नाणीही त्यांच्यापाशीच राहिली. २००८ साली संग्रहालयानं ती एका ब्रिटिश संग्राहकाकडून घेतली, तेव्हा ती ऑस्ट्रेलियाला पोचली.